गिरणगाव जपायचं, तर नियम कसा लिहायचा?

लालबागच्या एका बंद गिरणीत मोजमापं घ्यायला गेलो होतो. माझ्या तक्त्यात एका ओळीची नोंद झाली: 'शेड, एकमजली, छप्पर दातेरी, स्थिती जीर्ण.' सोबत त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उमेदीची वर्षं काढलेले एक काका होते. त्यांनी कागद वाचला आणि वर बोट दाखवलं. "काचा कुठल्या बाजूला आहेत ते लिहिलंच नाहीस." सगळ्या काचा उत्तरेकडे होत्या. ऊन थेट आत येऊ नये, पण दिवसभर एकसारखा उजेड पडावा, म्हणून. तुटलेला धागा नजरेला पडायचा तो याच उजेडात. मी ज्याला जीर्ण छप्पर म्हणत होतो, ते साचाखात्यातलं सगळ्यात मोठं अवजार होतं.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. शहराच्या मधोमध असलेला जुना औद्योगिक भाग जपण्याची धोरणं बहुतेक वेळा अशाच नोंदींवर उभी राहतात. मग शेवटी काय उरतं? मॉलच्या आवारात रंग दिलेली एक चिमणी. खाली ना खातं, ना भोंगा, ना पाळी सुटल्यावर खानावळीकडे धावणारी माणसं.

असा नियम प्रत्यक्ष कसा तयार करायचा ते इथे पायरीपायरीने मांडतो आहे. रहिवासी संघ, नियोजनाचे विद्यार्थी आणि शहराच्या विकास आराखड्यावर हरकती घेणारे कार्यकर्ते डोळ्यांसमोर आहेत. उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचं घेतलं आहे, कारण तिथे काय बिघडलं आणि कुठल्या वाक्यामुळे बिघडलं, हे कागदोपत्री दाखवता येतं.

पायरी १: हद्द आखा, पण गिरणीच्या भिंतीवर थांबू नका

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनीची स्थापना १८५४ मधली, उत्पादन सुरू झालं १८५६ मध्ये. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी असा पट्टा भरत गेला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने चालल्याच नाहीत, आणि हळूहळू कापडापेक्षा खालच्या जमिनीचा भाव महत्त्वाचा ठरला. ५८ गिरण्यांची मिळून ही जमीन सुमारे ६०० एकर.

या भागाची हद्द गिरण्यांच्या कुंपणावरून काढली, तर निम्मा ऐवज बाहेर राहतो. कामगार राहायचा चाळीत, जेवायचा खानावळीत, व्यायामशाळेत जायचा, सभेला कामगार मैदानावर. लालबागचं भारतमाता चित्रपटगृह तर गिरणीच्याच जमिनीवरचं. म्हणून नकाशावर तीन रेषा काढा: कामाची जागा, राहण्याची जागा, आणि या दोन्हींना जोडणाऱ्या जागा, म्हणजे बाजार, मैदानं, नाट्यगृहं, स्टेशनकडे जाणाऱ्या गल्ल्या. तिन्हींना मिळून वेढणारी रेषा ही तुमची हद्द.

एक व्यावहारिक अडचण आत्ताच सांगतो. हा पट्टा मुख्यतः महापालिकेच्या ई, एफ दक्षिण आणि जी दक्षिण अशा तीन विभागांत पडतो. एकाच विभागात अर्ज केलात तर बाकीचे दोन "आमच्याकडे नाही" म्हणून मोकळे होतात. तिन्हीकडे प्रत द्या.

पायरी २: पायी फिरून यादी करा

ऑफिसात बसून उपग्रहाच्या चित्रावरून केलेली यादी सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला कोसळते. प्रत्येक वास्तूसाठी एक पान ठेवा. त्यावर सिटी सर्व्हे क्रमांक, मालमत्ता पत्रकावरचं मालकाचं नाव, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर लागू असलेली जुनी) इमारत असेल तर तिचा वर्ग, बांधकामाचा अंदाजे काळ आणि आजचा वापर लिहा. चाळींच्या बाबतीत उपकराचा वर्ग फार महत्त्वाचा, कारण १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात येतात आणि त्यांच्या पुनर्विकासाचं गणितच वेगळं असतं.

आजच्या वापराचा रकाना नीट भरा. बंद गिरणीच्या शेडमध्ये गणपतीच्या मोठ्या मूर्तींची कार्यशाळा चालत असेल, तर 'रिकामी' लिहू नका. पोटमाळ्यावर शिवणयंत्रं असतील तर किती, ते लिहा.

गिरणीच्या आत शिरायला मिळालं तर चिमणी सोडून बाकी सगळं आधी बघा. चिमणीला सहसा कोणी हात लावत नाही. ती लांबून दिसते, फोटोत छान येते. गुपचूप जातात त्या या गोष्टी: गेट आणि त्याला लागून असलेली टाइमकीपरची केबिन, बॉयलरच्या पाण्यासाठीचं तळं, सूतखात्यातले ओतीव लोखंडाचे खांब, कापसाचं गोदाम, आणि अर्थातच उत्तरेकडे तोंड केलेल्या काचांची छपरं.

सोबत इथे काम केलेलं एक तरी माणूस असू द्या. का, ते सुरुवातीला सांगितलंच.

पायरी ३: श्रेणी मागा, पण तिच्यावर विसंबू नका

मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. भारतातली अशी ती पहिलीच. सध्याच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत वारशाचे नियम विनियम ५२ मध्ये आहेत, तर गिरण्यांच्या जमिनीचे ३५ मध्ये. श्रेणी चार: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. वरच्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, खाली येत जावं तशी मोकळीक वाढते. वास्तूशिवाय संपूर्ण परिसरालाही 'वारसा परिसर' म्हणून दर्जा मिळू शकतो. वारसा समिती सल्ला देते, निर्णय महापालिका आयुक्त घेतात.

औद्योगिक भागाला ही पद्धत तोकडी पडते. श्रेणी ठरवताना प्रत्यक्षात भर पडतो तो दर्शनी रूपावर. गिरणीचा दर्शनी भाग म्हणजे बऱ्याचदा एक लांबलचक मुकी भिंत, आणि चाळीचा म्हणजे वाळत घातलेले कपडे. म्हणून सुट्या वास्तूंसाठी श्रेणी मागताना अर्जात 'परिसर' हा दर्जा आवर्जून मागा आणि त्याला एक परिशिष्ट जोडा: या परिसरात नेमके कुठले घटक हलवायचे, झाकायचे किंवा पाडायचे नाहीत. टाइमकीपरची केबिन स्वतःच्या जोरावर कुठल्याच श्रेणीत बसत नाही, पण परिशिष्टात बसते.

पायरी ४: व्याख्या लिहा. सगळी लढाई इथेच आहे

या पायरीवर जरा रेंगाळणार आहे.

१९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी कलम ५८ होतं. जमीन विकायची, पुनर्विकास करायचा तर तिची तीन वाटण्या करून विल्हेवाट लावायची: एक वाटा महापालिकेला उद्यानं-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीला हे प्रमाण ३३, २७ आणि ४० टक्के. त्याहून मोठ्या गिरण्यांत म्हाडाचा वाटा वाढत आणि मालकाचा घटत जायचा. या वाटणीत आधीच मोकळी असलेली जमीन तर होतीच, शिवाय जुनी बांधकामं पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही होती.

१९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा एकत्रित विचार करणारा अहवाल दिला. जमिनीचे सुटे तुकडे एकत्र मांडले, तर मोकळ्या जागा एकमेकींना जोडता येतील, असा त्याचा रोख होता. अहवाल राहिला बाजूला. २००१ मध्ये कलम ५८ दुरुस्त झालं आणि वाटणी मूळच्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. पाडल्यावर मोकळी होणारी जमीन बाहेर गेली.

एका काल्पनिक गिरणीवर हे गणित करून बघू. भूखंड ३०,००० चौरस मीटर. त्यातल्या २१,००० वर शेड, ९,००० मोकळे. १९९१ च्या नियमाने सगळं पाडलं तर महापालिकेला ९,९००, म्हाडाला ८,१०० आणि मालकाला १२,००० चौरस मीटर. २००१ च्या नियमाने फक्त ९,००० ची वाटणी: महापालिकेला २,९७०, म्हाडाला २,४३०, मालकाला ३,६००. शिवाय शेडखालचे २१,००० मालकाकडेच. म्हणजे बाग तिपटीहून लहान झाली आणि मालकाची जमीन दुप्पट.

साचाखाती एकमजली आणि पसरट असायची, त्यांनी जमीन व्यापलेली असायची. त्यामुळे 'मोकळी' या एका शब्दाचा अर्थ बदलला की आकडे असे फिरतात. त्यातही गंमत बघा. वाटणीपुरती शेड 'उभी' धरली गेली. वाटणी झाल्यावर ती पाडून तिथे टॉवर उभा राहिला. कागदावर शेड, जागेवर टॉवर.

या दुरुस्तीला बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये आव्हान दिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तोवर दुरुस्ती होऊन पाच वर्षं होत आली होती आणि जमिनींचे मोठे व्यवहारही झाले होते.

म्हणून तुमच्या मसुद्यात व्याख्यांचं पान सगळ्यात आधी लिहा. नमुन्यादाखल एक कलम देतो, आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्या:

"मोकळी जमीन म्हणजे या नियमाच्या दिनांकास बांधकाम नसलेली जमीन, तसेच त्यानंतर कोणत्याही कारणाने बांधकाम पाडल्यामुळे, कोसळल्यामुळे वा जळाल्यामुळे रिक्त होणारी जमीन. परिशिष्टातील यादीप्रमाणे जतन केलेली आणि प्रत्यक्ष जागेवर उभी असलेली वास्तू जेवढी जमीन व्यापते, तेवढीच जमीन वाटपातून वगळली जाईल."

'कोसळल्यामुळे वा जळाल्यामुळे' हे शब्द उगाच घातलेले नाहीत. जतनाच्या यादीतली इमारत पावसाळ्यात आपोआप कोसळण्याची परंपरा या शहरात जुनी आहे.

हाच न्याय 'जतन', 'दुरुस्ती' आणि 'वापरात बदल' या शब्दांना लावा. जतन म्हणजे बाहेरची भिंत ठेवून आत पंधरा मजले, असं चालणार आहे का? नसेल, तर तसं लिहा. न लिहिलेलं सगळं चालतं.

पायरी ५: मालकाला परवडेल असं गणित द्या

नुसती बंदी टिकत नाही. शेड पाडून मिळणारा एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येतं तो हक्क) शेड ठेवून मिळणाऱ्यापेक्षा जास्त असेल, तर कुठलीही समिती तिला फार वर्षं वाचवू शकत नाही. वारसा नियमांत टीडीआरची तरतूद आहे: जतनामुळे जागेवर न वापरता येणारा बांधकामहक्क मालकाला दुसरीकडे विकता येतो. मागणी करताना दोन अटी जोडा. टीडीआर हप्त्यांनी द्यावा, पहिला हप्ता दुरुस्तीचा आराखडा मंजूर झाल्यावर, शेवटचा दुरुस्ती पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर. आणि तो त्याच औद्योगिक परिसरात उतरवू नये, नाहीतर शेड वाचते आणि शेजारची चाळ जाते.

दुसरं, जतन केलेल्या शेडचं क्षेत्र एफएसआयमध्ये धरू नये, पण तिथे उत्पादन, कारागिरी किंवा सार्वजनिक वापर चालू असेल तोवरच. वापर बदलला की सवलत गेली.

पायरी ६: भिंतीबरोबर धंदा जपा

एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन उभे राहा. बायका पिशव्यांतून भाजलेली मिरची, धणे, खडा मसाला घेऊन रांगेत असतात. आत डंक, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, एका लयीत चालत असतात, हवेत तिखट उडत असतं, नवखा माणूस दोन मिनिटांत शिंकायला लागतो. गिरण्या गेल्या, पण हा उद्योगच आहे, आणि तो गिरणी कामगारांच्या घरांच्या आधाराने वाढला.

आता शेजारी चाळीस मजली इमारत झाली आणि तिथल्या रहिवाशांनी आवाजाची आणि मिरचीची खाट सुटल्याची तक्रार केली, तर कोण हटेल? आजच्या चालीप्रमाणे डंकवाला. म्हणून नियमात लिहून घ्या: आधीपासून चालू असलेल्या धंद्याचा आवाज, वास, धूळ यांचा बंदोबस्त करायची जबाबदारी नंतर येणाऱ्या विकासकाची. काचा दुहेरी लावायच्या त्याने, खिडक्यांचं तोंड फिरवायचं त्याने, आणि घर विकतानाच्या करारात शेजारी काय चालतं ते नमूद करायचं त्यानेच.

याहून कडक उपाय इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमने केला. तिथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये जुन्या घरांत आणि गाळ्यांत सोनारकामाच्या लहान कार्यशाळा आहेत. २००२ च्या व्यवस्थापन आराखड्यात महापालिकेने गाभ्यातल्या भागांत नव्या घरांना सहसा परवानगी द्यायची नाही, असं धोरण ठेवलं. कारण साधं आहे. फ्लॅटचा भाव कार्यशाळेच्या भाड्याला नेहमीच मागे टाकतो, आणि मग इमारत राहते पण सोनार जातो. गिरणगावात जशीच्या तशी बंदी लागू करा असं मी म्हणणार नाही, इथे घरांची गरजच वेगळी आहे. पण मसाल्याच्या गल्ल्या, मूर्तींच्या कार्यशाळा असे ठरावीक पट्टे 'तळमजला उत्पादनासाठीच' म्हणून राखता येतात.

उलट टोकाची सैल परवानगीही घातक. जुन्या आवारांत ऑफिसं, हॉटेलं, गच्चीवरची रेस्टॉरंटं दाटीने आली की आतल्या वाटा आणि जिने त्या गर्दीला पुरत नाहीत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात आग लागली आणि १४ जण गेले. जतनाच्या नियमात अग्निशमनाचं वेगळं कलम नसेल, तर तो नियम अपुरा आहे. वापर बदलताना माणसांची कमाल संख्या, दोन स्वतंत्र जिने, बंब फिरेल एवढी आतली वाट, आणि गच्चीवर छत घालायला साफ मनाई.

पायरी ७: माणसांची नोंद

चाळीतला भाडेकरू, पागडीवाला, पोटभाडेकरू, खानावळ चालवणारी बाई, कारखान्याचा भाडेकरू: प्रत्येकाची पात्रता वेगळी, आणि पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की यादी रातोरात बदलते. तारीख टाकून, फोटो काढून, रहिवासी संघाच्या सहीने यादी आधीच करून ठेवा. धंद्याची जागा असलेल्यांसाठी 'त्याच परिसरात, तळमजल्यावर' पुनर्वसन हे शब्द मागा. सातव्या मजल्यावर डंक चालत नाही.

गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न म्हाडाच्या वाट्याशी बांधलेला आहे. त्यासाठी कामगार नेते दत्ता इस्वलकरांनी आणि संघटनांनी केलेला लढा वर्षानुवर्षं चालला. वाटाच आक्रसला तर सोडतीत घरं येणार कुठून, हे पायरी ४ च्या आकड्यांवरून कळेल.

पायरी ८: रस्ते आणि स्टेशनं

थोडक्यात. पाळ्या आलटून-पालटून सुटायच्या, तेव्हाच्या गर्दीसाठी बांधलेल्या वाटांवर एकाच वेळी सुटणारी ऑफिसं आली. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. तेव्हा मसुद्यात एक कलम हवंच: पादचारी वाटा आणि स्टेशनचे पूल यांची क्षमता तपासल्याशिवाय परिसरात वाढीव एफएसआय नाही. गिरणीच्या कुंपणातून आरपार जाणारी सार्वजनिक पायवाटही मागा. ती वापरात आली की आवार पुन्हा मोहल्ल्याचं होतं.

पायरी ९: योग्य खिडकीवर, मुदतीत

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावं ते दिलं आहे, त्यात वारसा वास्तू आणि परिसरांचं जतनही येतं. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना कलम २८ खाली नियोजन समितीपुढे जातात. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचा २०१५ चा पहिला मसुदा हरकतींच्या माऱ्यानंतर मागे घ्यावा लागला होता. तेव्हा हरकतींनी काही होत नाही, हे खरं नाही.

पण खरं लक्ष ठेवायचं ते कलम ३७ वर. मंजूर आराखड्यात आणि नियमावलीत मधल्या काळातले फेरबदल याच वाटेने होतात, आणि हरकतीला मिळतो एक महिना. २००१ ची दुरुस्ती अशीच झाली. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येते, बारीक अक्षरांत. रहिवासी संघातल्या एका निवृत्त माणसाला हे काम नेमून द्या: दर आठवड्याला नगरविकास विभागाच्या सूचना बघायच्या आणि 'गिरणी', 'वारसा', 'उपकरप्राप्त' हे शब्द दिसले की ग्रुपवर टाकायचं. मुंबईबाहेर, म्हणजे सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरात, २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यातल्या फेरबदलांवर अशीच नजर हवी.

हरकत लिहिताना एका अर्जात एकच मुद्दा घ्या. कलमाचा क्रमांक, आत्ताची शब्दरचना, तुम्हाला हवी ती शब्दरचना, आणि खाली तीन ओळींत कारण. सोबत पायरी २ मधलं संबंधित पान आणि फोटो. 'वारसा जपला पाहिजे' अशा मजकुरावर पाचशे सह्या घेतल्या, तरी त्यांचं नियमात रूपांतर करायला कोणी बसत नाही. बदलून हवा असलेला शब्द तयार दिला, तर निदान तो नाकारावा तरी लागतो, आणि नाकारल्याची नोंद पुढे कोर्टात कामाला येते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. शेवटच्या दिवशी दुपारनंतर आवक-जावक विभागात गर्दी होते, कारकून "ठेवून जा, शिक्का मारून ठेवतो" म्हणतो. ठेवून जाऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख पडेपर्यंत खिडकीवरच उभे राहा.